यामनाचा काळा साबण

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या जुन्या मोहल्ल्यात, बायकांच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, यामना अंग घासायचं काम करी. तिच्या हातून सुटलेल्या बाईच्या अंगावर मळाचा कण शोधून दाखवावा, असं तिचं जगाला उघड आव्हान असे. खरखरीत हातमोजा चढवला की ती कुणाची गय करत नसे. "हलू नकोस गं नवरीबाई! साल नाही काढत तुझी, मळ काढतेय," असं म्हणत ती निम्मी साल काढायचीच.

अशा या बाईला उन्हाळ्यात नको त्या जागी संसर्ग झाला. दवाखान्यात "किरकोळ आहे" म्हणून दिलेल्या औषधाने तो गेला, खाज आणि जळजळ मात्र मुक्काम ठोकून राहिली. तिची थोरली बहीण ओटीपोटातल्या गाठीने गेली होती. तिलाही सगळे आधी "काही नाही, किरकोळ आहे" असंच म्हणाले होते. आता आपला नंबर, असं यामनाच्या मनाने पक्कं घेतलं. साऱ्या मोहल्ल्याची उघडी अंगं पाहणारी ही बाई, पण स्वतःचं दुखणं पुन्हा सांगायला तिची जीभ रेटेना.

मग जे येत होतं ते तिने केलं. काळा साबण, वर तुरटीचं पाणी, त्यावर लिंबू. रोज सकाळ-संध्याकाळ. आग झाली की तिला वाटे, रोग निघतोय. नवऱ्याला, बूश्ताला, कळू नये म्हणून तिने अंथरूणही शेजारच्या खोलीत हलवलं. कारण सांगितलं, "तुम्ही घोरता." लग्नाच्या पहिल्या रात्रीपासून तो घोरतच होता!

बहिणीच्या कबरीवर जाऊन आली त्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला आणि ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, चाचण्या केल्या आणि आठवड्याने बोलावून सांगितलं, "यामनाबाई, संसर्ग केव्हाच गेलाय. गाठबीठ काही नाही. तुम्ही धुता कशाने?"

यामनाने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, नाजूक जागा आहे ती, हमामातली फरशी नव्हे! त्यानेच आग होतेय. आजपासून नुसतं पाणी."

"नुसतं पाणी? मला काय पारोशी समजलात?" यामना फणकारली आणि तिथेच स्टुलावर बसून ढसाढसा रडली. किती महिने ती मनातल्या मनात मरत होती!

घरी आली तर बूश्ता अंगणात बसलेला. पुढ्यात तिचाच काळा साबण, अर्धं लिंबू, तिचा जुना हातमोजा. पोटऱ्या घासून घासून लालभडक झालेल्या, टाचांना भेगा.

"अहो, हे काय चाललंय?"

बूश्ता ओशाळला. "तू अंथरूण नेलंस तेव्हापासून करतोय. जन्मभर चामडं कमावायच्या कुंडात उभा राहिलेला माणूस मी, वास येणारच. तू घोरण्यावर ढकललंस, पण मला काय कळत नाही?"

यामनाला हसावं की रडावं कळेना. तिने त्याच्या हातातला साबण काढून घेतला. "नुसतं पाणी," ती म्हणाली आणि त्याच्या पायांवर तांब्याने पाणी ओतता ओतता तिने पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी तिने अंथरूण परत आणलं.

"वास येतोच आहे अजून," बूश्ता संकोचून म्हणाला.

"येऊ दे. आणि घोरा खुशाल. तिकडे डोळ्याला डोळा लागला नाही माझा."