डबीतली ओरिजनल सुई

माझ्या भावाशी माझं पटत नाही. लहानपणी पटत नव्हतं, आणि आता दोघांचेही गुडघे गेले तरी पटत नाही. तो अकोल्यात राहतो, मी अमरावतीत. मध्ये एसटीचे दोन-अडीच तास आहेत आणि मला ते कमीच वाटतात.

बाबा गेल्यावर वाटणी झाली. त्यांचं परतवाड्याला बिछायत केंद्र होतं. मंडप, सतरंज्या, गाद्या, भोंगे, आणि लग्नात गाणी वाजवायचा रेकॉर्ड प्लेयर. प्लेयर भावानं उचलला. "तुले कायले पायजे मशीन?" एवढं बोलून तो मोकळा झाला. मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. त्याची पाठ वळताच एक लहानशी रेकॉर्ड माझ्या पिशवीत गेली.

ती बाबांच्या गावच्या भजनी मंडळाची रेकॉर्ड. कुठल्याशा लहान कंपनीनं मोजक्या प्रती काढल्या होत्या, त्यातली आमच्याकडे एकच उरलेली. बाबा तिच्यात खंजिरी वाजवतात. एका भजनात गाणारे बुवा ओळ विसरून क्षणभर थांबतात आणि मागून बाबांचा आवाज येतो, "घ्या न." बस, दोन शब्द. कंपनीवाल्यांनी ते कसे राहू दिले देव जाणे. बाबांचा आवाज म्हणून जगात तेवढाच शिल्लक होता.

मशीन त्याच्याकडे, रेकॉर्ड माझ्याकडे. म्हणून दरवर्षी पितृपक्षात बाबांच्या तिथीला मी रेकॉर्ड घेऊन अकोल्याला जायची. पान वाढून झालं की फोटोपुढे ती एकदा वाजायची, मग आम्ही जेवायचो. जेवून हात पुसले की रेकॉर्ड माझ्या पिशवीत परत. भाऊ म्हणायचा, मोबाइलमध्ये भरून घेतो. मी कधी भरू दिलं नाही. एकदा आवाज त्याच्या हाती लागला की मग मला कोण विचारणार होतं?

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. सुई झिजली होती, नवी आणली होती. कोणती, असं मी विचारलं. म्हणाला, "मिळते तेच. मशीनवाली कंपनी कुठं सुया काढते आता? दुसऱ्याची बनवलेली हाये, पण बसते बराबर."

माझं डोकंच फिरलं. बाबांची रेकॉर्ड आणि तिच्यावर ही गल्लीबोळात बनलेली सुई? मी म्हटलं, रेकॉर्ड आणणार नाही. तो म्हणाला, "बाप तुह्या एकटीचा होता काय?" मी फोन आपटला.

मग मी कामाला लागले. पोरीकडून मोबाइलवर शोधून घेतलं, चार जणांशी बोलले, आणि शेवटी मुंबईच्या एका दुकानदाराकडे कंपनीची अस्सल सुई सापडली. जुना शिल्लक माल, डबी तेव्हाची, सील तेव्हाचं. चाळीस वर्षं कुणी हात लावलेला नाही, असं तो अभिमानानं सांगत होता आणि मीही अभिमानानं ऐकत होते. कुरिअर आलं त्या दिवशी मी भावाला डबीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

तिथीला रेकॉर्ड आणि सुई दोन्ही घेऊन गेले. वहिनी वडे तळत होती. भाऊ मशीनचं झाकण काढून बसलाच होता. मी म्हटलं, "आधी दोन्ही वाजवून पाहू, बाबांच्या रेकॉर्डवर नाही, दुसऱ्या." त्यानं एक जुनी लग्नाच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. आधी त्याची सुई. खरं सांगायचं तर वाईट नव्हती. 'स' आला की जरा शिटी फुटल्यासारखं व्हायचं, बाकी गाणं सरळ चाललं होतं. मी मात्र तोंड असं केलं, जशी कढीत माशी पडली.

मग ती सुई ओढून काढली आणि माझी बसवली. आवाज दबका आला. मी म्हटलं, "पाहा, किती मऊ." दुसऱ्या कडव्यात सुई उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली.

भाऊ म्हणाला, "सुई ज्या काडीवर असते, तिच्या मांगं रबर असते. ते वाळलं असन. चाळीस वर्षं डबीत पडून हाये."

"तुह्या रेकॉर्डले चरे हायेत," मी म्हटलं.

"बाई, मले तं दोन्ही सारख्याच वाटल्या," वहिनी दारातून म्हणाली. "लावा एखादी. अन्न थंडं होऊन राहिलं."

भावानं त्याची सुई उचलली. मी त्याचा हात धरला. "नकली सुई माह्या बापाले लागणार नाही." वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानं सुई खाली ठेवली. त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

बाबांची रेकॉर्ड मी स्वतः ठेवली, सुईची दांडीही स्वतः टेकवली. खंजिरी सुरू झाली आणि सुई उडाली. मी पुन्हा टेकवली. पुन्हा उडाली. तेव्हा मला बाबांचीच युक्ती आठवली. लग्नात पोरं नाचायला लागली की मंडपाच्या फळ्या हलायच्या आणि सुई उड्या मारायची. बाबा खिशातलं नाणं काढून दांडीच्या डोक्यावर ठेवायचे. बिछायतवाले सगळेच ठेवायचे. फोटोपुढे दक्षिणेचं नाणं होतं. मी ते उचललं.

"नको ठेवू," भाऊ म्हणाला. "ते दिवस गेले. या सुईले वजन सोसत नाही."

मी ठेवलं.

सुई उडाली नाही. खंजिरी चांगली खणखणीत वाजली. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा, कसं काय म्हणून. बुवा ओळीपाशी आले, थांबले, आणि तिथंच करकर असा आवाज झाला. वाळलेलं रबर तुटलं, काडी मुडपली, आणि नाण्याच्या भारानं सगळं डोकंच रेकॉर्डवर बसलं. भावानं दांडी उचलेपर्यंत पाच-सहा फेरे झाले होते. रेकॉर्डवर पांढरा पट्टा उमटला होता.

त्यानं त्याची सुई बसवली, नाणं न ठेवता. बुवा गातात, थांबतात, मग नुसती खरखर. त्या खरखरीत दोन शब्द आहेत की नाहीत हे आम्ही तीनदा ऐकून पाहिलं. नव्हते. भावानं मशीनवर झाकण ठेवलं. मी न जेवता निघाले. बापाच्या पानावरून उठून गेले, हेही माझ्याच खात्यात.

अमरावतीला आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की भावानं स्वस्तातली नकली सुई लावली आणि बाबांचा आवाज गिळला. पोरीला सांगितलं, शेजारी सांगितलं, नात्यात फोन करून करून सांगितलं. परतवाड्याच्या काकूनं त्याला फोनवर चांगलं झापलं म्हणे. तो तिला म्हणाला, "हौ काकू, चुकलं माह्यं." हे काकूनंच मला सांगितलं, वर म्हणाली, कबूल तरी केलं बिचाऱ्यानं.

यंदा तिथीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"येऊन राहिली नं उद्या?"

"कायले येऊ? वाजवाले काय हाये आता?"

"जेवाले ये," तो म्हणाला.

मी फोन ठेवून दिला. जन्मात मला त्याचा एवढा राग आला नव्हता.