गाण्यातलं ‘येते’

मस्कतजवळच्या माबेल्यातल्या माझ्या शेजाऱ्यांइतकं बोलणारा माणूस अख्ख्या ओमानात दुसरा नसेल. ते लिफ्ट दुरुस्त करतात. बंद पडलेल्या लिफ्टलाही आधी चार शब्द सुनावतात, पान्याला हात मग लावतात. रोज सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही कुरुमला कामावर जायचो, तेव्हा देवरुखच्या फणसापासून रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊन होई. प्रश्न ते स्वतःच विचारत, उत्तरही स्वतःच देत, आणि वर “तुमचं पटतं हो मला” असं मलाच म्हणत. एकदा पोलिसाने गाडी थांबवली. दहा मिनिटांनी तोच “खलास, खलास” म्हणत बाजूला झाला.

गप्प होत ते फक्त एका स्पॅनिश गाण्यापुरते. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, इथे होत्या तेव्हा स्पॅनिश मालिका बघायच्या. दोन वर्षांपूर्वी भांडून देवरुखला निघाल्या आणि विमानतळावरून हे गाणं तेवढं पाठवलं. सोबत अक्षर नाही. पुढे फोनही उचलला नाही.

“तुम्ही ऑफिसातले,” शेजारी मला म्हणाले, “ती बाई काय म्हणते, तेवढं बघून सांगा.”

मी बघितलं. बाई म्हणत होती, तुझ्यावर माझा जीव आहे, पण तुझ्या घरात मला माझाच आवाज ऐकू येत नाही. मी जाते, वाट बघू नकोस.

सकाळी त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हणालो, “ती म्हणते, येते.”

आपल्याकडे निघताना बायका ‘जाते’ म्हणत नाहीत, असं मी मनाला पुष्कळ समजावलं. दया आली, असंही. खरं सांगायचं तर रडणाऱ्या माणसाशेजारी कुरुमपर्यंत बसायची माझी हिंमत नव्हती.

त्या दिवसापासून पुढची सीट वहिनींसाठी राखीव झाली. त्या ठेंगण्या, म्हणून त्यांच्या बेताने पुढे सरकवलेली. मी मागे, सिग्नलला लोक मला अर्बाब, म्हणजे मालक, समजत. घराला नवे पडदे आले. शेजारी घावणे घालायला शिकले, आणि प्रत्येक फाटलेल्या घावण्याची हकिगत मी ऐकली.

गेल्या महिन्यात त्यांनी वहिनींच्या व्हिसाचा फॉर्म माझ्यापुढे धरला, तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. गाणं ओळ न् ओळ सांगितलं. आवाजाची ओळसुद्धा. ते एकदाही मध्ये बोलले नाहीत.

“म्हणजे निघताना म्हणतात तसलं ‘येते’,” शेवटी म्हणाले.

“तसलं.”

“मला तोंडावर सांगायचं ना तिनं.” मग फॉर्मची घडी घालत, “सांगितलंही असेल. मी बोलत असेन.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून पुढचं दार उघडलं. “बसा.” गाणं लावलेलं नव्हतं. माझे गुडघे समोर टेकले. सीटखालचा खटका हाताला लागत होता, पण मी ती मागे सरकवली नाही.

कुरुम जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, “घरी सगळे बरे?”

सवयीने मी त्यांच्याच उत्तराची वाट बघत राहिलो. ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.