सहीखालची वेळ

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४, सकाळी सव्वाअकरा. सिल्लोड रस्त्यालगतच्या एका खोलीची झडती घ्यायची होती आणि पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावले होते. खोलीतल्या बाईला कुंटणखाना चालवल्याबद्दल पूर्वी एकदा शिक्षा झाली होती.

"दुसऱ्यांदा सिद्ध झालं की दोन वर्षं पक्की. जजसाहेबांनाही कमी करता येत नाय," हवालदार म्हणाला. "मारा सही, काका."

"आता मी फक्त डबे करते, काका," बाई म्हणाली. शेगडी थंड होती. तिच्यावरही माझा विश्वास बसला नाही.

मी पंचनामा वाचला. झडती अजून व्हायची होती; कागदावर मात्र ती दुपारी एक वाजता संपली होती आणि सापडलेल्या वस्तूंची यादीही तयार होती. मी वेळेवर बोट ठेवले.

हवालदार हसला. "तुमचं घड्याळबी रिटायर झालं वाटतं!"

मी सही केली आणि खाली लिहिले : झडतीपूर्वी, सकाळी साडेअकरा. हवालदाराचे हसू गेले. बाई खरे बोलत होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

घरी येऊन घड्याळ रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिले. एक मिनिट मागे होते. पुढे केले.