मागच्या पाण्याला

आमच्या भागाला पाचव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळे गल्लीत वारांपेक्षा पाण्याचा हिशेब पक्का असतो. लग्नाला कधी जाऊन आलात, तर "मागच्या पाण्याला." पाहुणे कधी येणार, तर "या पाण्याला नको, पुढच्या पाण्याला येऊ देत." मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. यादी केल्याशिवाय मला साधी भाजी आणायलाही जमत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर आहे, त्यावर पाण्याच्या दिवसांना मी निळी खूण करते. गेल्या वर्षी त्याच तारखांना लाल खूणही करायला लागले. लाल म्हणजे त्या दिवशी रजा.

शाळेत कारण सांगायचे, 'पाणी भरणे'. सोलापुरात हे कारण कुणी खोटं मानत नाही. खरं कारण वेगळं होतं. ओली फरशी, चालू मोटार आणि माझा नवरा या तीन गोष्टी मला एका वेळी एका घरात सोडायच्या नव्हत्या.

ते चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायचे. कुठलं बेअरिंग गेलंय ते नुसतं दारात उभं राहून, आवाजावरून सांगायचे. एक दिवस दुरुस्तीसाठी त्यांनी एका यंत्राची संरक्षक जाळी काढली. काम झालं, तेवढ्यात चहा आला. जाळी चहानंतर बसवू, म्हणाले. इकडे कुणीतरी यंत्र सुरू केलं आणि अकलूजकडच्या एका कामगाराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत ठपका कुणा एकावर आला नाही. तो यांनी स्वतःच उचलला आणि घरी आणला.

नोकरी सोडली. हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. पुढचे कित्येक महिने त्यांनी एकाही यंत्राला हात लावला नाही. मिक्सर अडकला तर खोलीतून उठून जायचे. मोटारीचं बटण फक्त दाबायचे, तेही मी सांगितलं तर. बाकी वेळ मधल्या खोलीत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

एकदा जेवताना म्हणाले, "मी नसतो तर त्या माणसाची बोटं असती."

मी म्हणाले, "भाजी वाढू का अजून?"

हे लिहिताना मला आजही लाज वाटते. पण त्या क्षणी मला दुसरं काहीही सुचलं नव्हतं. ताटात भाजी आधीच होती.

दुसऱ्या दिवशी मी मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली. हे आले, बसले, विचारलं तेवढंच बोलले. गोळ्या सुरू झाल्या. शेवटी बाईंनी मला एकटीला थांबवून घेतलं. मी पर्समधून वही काढली. त्यांनी सांगितलं ते मी तसंच उतरवलं: औषधं कुलपात. गच्चीची किल्ली माझ्याकडे. फार वेळ एकटं ठेवायचं नाही. आणि चौथं, 'मरावंसं वाटतं का' असं सरळ विचारायचं.

"असं विचारलं आणि त्यांच्या डोक्यात नसलं, तरी आलं तर?"

"तसं होत नाही," बाई म्हणाल्या. "उलट, विचारणारं कुणी आहे हे कळतं."

पहिली दोन कामं त्याच संध्याकाळी झाली, तिसऱ्यासाठी नणंदेला बोलावून घेतलं. वर मी सुताराला बोलावून न्हाणीघराची आतली कडीही काढून घेतली. गंजली होती, असं सांगितलं. सुतार कडीकडे बघून म्हणाला, "नवी कोरी दिसतीय की." मी त्याला चहा दिला.

चौथं काम राहिलं. दर रविवारी मी आठवड्याची नवी यादी करते, राहिलेली कामं खाली उतरवून घेते. गॅसचा नंबर, लाईटबिल, मुलीला पुण्याला चटणी पाठवणं, आणि 'विचारणे'. बाकीची कामं खोडली जायची. ते एक प्रत्येक रविवारी पुढच्या पानावर जायचं. चटणी पोचली की नाही हे मी विचारत होते, गोळी घेतली का विचारत होते, बाहेर गरम होतंय का हेसुद्धा विचारत होते.

मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. ते 'हो' म्हणाले तर पुढच्या ओळीत काय लिहायचं, ते मला माहीत नव्हतं.

टेंभुर्णीहून त्यांची थोरली बहीण, आक्का, महिनाभर येऊन राहिल्या. त्या होत्या तोवर मी शाळेत निदान बेरीज तरी बरोबर करत होते. जाताना म्हणाल्या, "अगं, तू लई राखण करतीस त्याची. राखणीनं पीक राहतं, मानूस न्हाय राहत."

"मग काय करू, आक्का?"

"मला काय ठावं? मी काय डाक्टर हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि एसटीत चढल्या.

त्यानंतर डॉक्टर म्हणाल्या, थोडे सुधारलेत, काही तास एकटे राहू शकतील. मी दहाला, बाराला आणि दोनला फोन करायचं ठरवलं. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी चालेल, पण उचलायचा. त्या "हं"वर मी पुढचे दोन तास काढायचे. शाळेत बाकावर डस्टर आपटल्याचा आवाज झाला तरी मी फोनकडे बघायचे. घरी परत येताना कोपऱ्यावर वळलं की आधी आमच्या दारात गर्दी आहे का ते बघायचे. गर्दी नसली तर मगच स्कूटरचा वेग वाढवायचे.

त्या दिवशी कॅलेंडरवर काही खूण नव्हती. निळी आणि लाल, दोन्ही दुसऱ्या दिवशीच्या तारखेवर होत्या. दहाला "हं" आला. बाराला आला. दोनला फोन वाजत राहिला. मी परत लावला. तिसऱ्यांदा लावत असतानाच समोरच्या घरातल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या दारातनं पाणी वाहायलंय की रस्त्यावर! किती वेळ झाला. हाका मारल्या, आतनं कोण ओ देईना."

"आज कुठलं पाणी? उद्या आहे ना?"

"पाइपलाइनचं काम हाय म्हणं उद्या. चावीवाल्यानं आजच सोडलं."

आमच्या गावात भांडी घासलेलं पाणी झाडांना जातं. पाहुण्याला अर्धा पेला देऊन "अजून देऊ का" विचारतात. अशा गावात एखाद्या घरातून पाणी रस्त्यावर वाहतंय, याचा माझ्या डोक्यात एकच अर्थ झाला. त्या घरात नळ बंद करायला कुणी उरलेलं नाही.

शाळेपासून घर दहा-बारा मिनिटांवर आहे. सात रस्ता चौकात सिग्नल लागला. तिथे उभी असताना माझ्या डोक्याने यादी करायला सुरुवात केली. मी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून केली. मुलीला कोण सांगणार. आक्कांना आणायला कोण जाणार. यांचं आधार कार्ड कुठल्या कपाटात आहे. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा झालेला होता आणि मी कपाटाचा दुसरा खण आठवत होते.

कोपऱ्यावर वळले. दारात गर्दी होती.

चार-पाच बायका होत्या, फक्त. कुणी पायरीवरून वाहणारं पाणी कळशीत भरून घेत होती. "मॅडम, मोटार चालू हाय, शॉक बसंल म्हणून आत गेलो न्हाई," एक म्हणाली. मी बाहेरच मीटरशेजारचं मेन बटण पाडलं. मोटारीची घरघर थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं.

घोट्याएवढं पाणी नव्हतं, पण फरशी दिसत नव्हती. न्हाणीघराचं दार बंद होतं. आतून कडी नाही, हे मला माहीत होतं. मीच काढून घेतली होती. तरीही ते दार ढकलायला माझा हात उठेना. शेवटी पायाने ढकललं. आत बॅरल तुडुंब भरून सांडत होतं, पाइप त्यात तसाच होता. माणूस नव्हता.

वळले तर मधल्या खोलीत स्टूल उभं होतं. रिकामं. पलंगापासून लांब, खोलीच्या बरोबर मध्ये.

मी वर बघितलं नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. मी त्या स्टुलाच्या पायांकडे बघत होते, पाण्यात त्यांची सावली हलत होती. मला वाटलं, वर बघितलं नाही तर काहीच झालेलं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. ठक्. ठक् ठक्. आणि मग शेजारच्या म्हातारीचा आवाज, "हळू मार की रे बाबा, जुनी आहे ती माझ्यासारखी!"

मी वर बघितलं. पंखा होता. माळा होता. माळ्यावरची हत्यारांची पेटी नव्हती.

शेजारची म्हातारी म्हणजे गल्लीची अम्मा. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांपैकी. सगळं आयुष्य मागावर गेलं, आता एकटी राहते. तिच्या घरामागच्या अंगणात हे ओल्या फरशीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात अम्माची मोटार उघडून ठेवलेली, कोपरापर्यंत हात काळे. मला बघून त्यांनी मान वर केली.

"अगं, पेटीतला दहा नंबरचा पाना कुठे ठेवलास?"

पाना मी ठेवला नव्हता. किंवा ठेवलाही असेल, त्या महिन्यांत मी घरातलं काय काय उचलून ठेवलं होतं त्याला गणती नाही. पण माझ्या तोंडून पान्याबद्दल काहीच आलं नाही. चौथं काम आलं. कितीतरी रविवार खाली उतरत आलेलं ते काम मी अम्माच्या अंगणात, मागोमाग आलेल्या बायकांसमोर, किंचाळून केलं.

"तुम्हाला मरायचंय का? सांगा मला! मरायचंय का?"

यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. पँटला हात पुसले, ते आणखी काळे झाले.

"मागच्या पाण्याला वाटलं होतं," ते म्हणाले. "दिवसभर वाटत होतं." मग उघड्या मोटारीकडे बघून, "आज नाही. आज मोटारीत होतो."

मला कुणीतरी पायरीवर बसवलं.

अम्माने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "अय्यो," ती म्हणाली, "मरायचं नंतर बघा. पाणी जाईल आता. बाई, पाना आण आधी!"

पाना शिलाई मशीनच्या खणात सापडला. हे म्हणाले, शाफ्ट जाम झाला होता, अम्मा दारात येऊन रडायला लागली, गल्लीत दुसरं कुणी पुरुषमाणूस नव्हतं. आधी नाही म्हणालो. मग तिने स्वतःच उघडते म्हणून सुरी घेतली, चालू लाईटीत. मग स्टूल ओढलं, पेटी काढली, फोन पलंगावरच राहिला. पाइप बॅरलमध्ये सोडलाय, हे डोक्यातून गेलं.

डोक्यातून गेलं, असं म्हणताना ते थांबले. जाळीचंही तसंच डोक्यातून गेलं होतं. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. त्यांनी पाना खाली ठेवला. शेवटच्या दोन बोल्टांना मी पाना लावून धरला आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून ते आवळले. अम्माची मोटार सुरू झाली. पुढच्या काही मिनिटांत पाणी गेलं, पण तिचं एक बॅरल झालं.

आमचं निम्मं पाणी रस्त्यावर गेलं होतं. गल्लीने ते पुढचे पाच दिवस ऐकवलं. "मॅडम, रस्ता धुवायला आमाला पण सांगायचं की!" अम्मा रोज सकाळी एक कळशी आणून द्यायची आणि कळशी खाली ठेवताना यांच्याकडे निरखून बघायची.

त्या संध्याकाळी हे बोलले. चहाबद्दल, जाळीबद्दल, त्या आवाजाबद्दल. मी मध्ये भाजी वाढली नाही. ऐकणं फार कठीण होतं. पण इतके महिने मी त्यांच्या दुःखाला बाहेरून कुलपं लावत होते आणि ते आत एकटे बसले होते, एवढं मला त्या रात्री कळलं. कुलपं लागतातच, गोळ्या अजूनही कुलपात आहेत. पण आत जाऊन बसणंही माझंच काम होतं आणि ते मी पानामागून पान पुढे ढकललं होतं.

रविवारच्या यादीत मी चौथं काम खोडलं नाही. त्याच्यापुढे 'रोज' लिहिलं. सकाळी चहाच्या वेळी विचारते. बहुतेक दिवशी उत्तर येतं, "आज नाही." कधी येतं, "थोडं आहे." मग मी शाळेत कळवते आणि घरी थांबते. एकदा नुसतंच "आहे" म्हणाले. तेव्हा आम्ही चहा तसाच ठेवून डॉक्टरांकडे गेलो. 'हो' म्हणाले तर पुढच्या ओळीत काय लिहायचं, ते आता मला माहीत आहे. त्या बोटं गेलेल्या माणसाला भेटायला अकलूजला जायचं ते म्हणतात. अजून गेलेले नाहीत. मी तारीख घातलेली नाही.

परवा पाण्याचा दिवस होता. कॅलेंडरवर फक्त निळी खूण केली आणि मी शाळेत गेले. बाराला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. भीती गेलेली नाही, ती मला नीट ओळखते. मी टेबलाची कड धरून पुन्हा लावला.

"अगं, हात भरलेत," ते ओरडून म्हणाले, कारण मागे मोटार चालू होती. "कोपऱ्यावरच्या घरातली आणलीय आज दुरुस्तीला. आपला नळ बंद केलाय. दोनदा बघितला."