भाऊची कोरियन उजळणी

विहिरीवर आंघोळ करताना गावातले लोक देवाचं नाव घेत. माझा थोरला भाऊ श्रावण डोक्यावर पाणी ओतताना कोरियन भाषेत "मोरी" म्हणायचा, डोळे चोळताना "नुन", कान धुताना "ग्वी". तळपायापर्यंत उजळणी झाली की मगच त्याची आंघोळ संपायची. मूल शहराजवळच्या आमच्या धानाच्या गावात पोरं हा तमाशा बघायला जमत. बायकांचं ठाम मत होतं की लढाईत याच्या डोक्याला मार लागलाय.

मारबिर काही नव्हता. भाऊ फौजेच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा आणि कोरियाहून नुकताच सुट्टीवर आला होता. तिथे पायात लोखंडाचा तुकडा घुसलेली एक म्हातारी कुणाला हात लावू देईना. भाऊ तिच्यासमोर बसला आणि आपल्याच अंगाला हात लावून एकेक नाव विचारू लागला. चुकला की ती जेवणाचा चमचा त्याच्या मनगटावर हाणायची. बरंच शिकवून झाल्यावर तिने आपणहून पाय पुढे केला. "मास्तरीनच होती माही," भाऊ कौतुकाने सांगायचा. मला तर म्हातारीपेक्षा त्याचंच कौतुक वाटायचं.

मी सातवी पास झाले होते आणि मला नागपूरला जाऊन नर्स व्हायचं होतं. बाबा ऐकेनात. "परक्याच्या आंगाले हात लावनारी पोट्टी कोन करन?" भाऊ त्यांच्याशी भांडभांडला, आणि मग भांडण सोडून त्याने मला शिकवायलाच घेतलं. रोज संध्याकाळी ओसरीतल्या खाटेवर आडवा होऊन तो कोरियन रोगी बनायचा. मग मराठी बंद, पाणीसुद्धा खुणेनं. मी "ओदी आफायो?" म्हणजे कुठे दुखतं, असं विचारत दुखणं शोधायचं.

एकदा मी घाईने त्याचं पोटच दाबलं. रोगी ताडकन उठून बसला आणि चक्क आपल्या झाडीबोलीत ओरडला, "आधी आपल्या आंगाले हात लाव! त्याचं आंग हाय थे, तुही पाटी नाई!"

"पन मले कोरियन काऊन शिकवून राह्यला?" मी चिडून विचारलं.

"भाषा येत नाई त्याचं दुखनं समजलं, तर मंग कोनाचंबी समजन."

हे सगळं चालायचं तेव्हा बाबा कोपऱ्यात आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसायचे.

भाऊच्या सुट्टीची शेवटची संध्याकाळ होती. नागपूरचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मी मेल्या मनाने खाटेजवळ जाऊन विचारलं, "ओदी आफायो?" भाऊने तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "मुरुप."

मुरुप म्हणजे गुडघा. बाबांनी धोतर वर करून पाय लांब केला होता. गुडघा टम्म सुजलेला. मी आधी स्वतःच्या गुडघ्याला हात लावला आणि मग त्यांच्या.

"बाबा, केव्हापासून दुखून राह्यलं? सांगतलं काऊन नाई?"

"इचारलं कोनं मले?"

भाऊ खाटेवरून उठून बाबांजवळ आला. मग हळूच म्हणाला, "बाबा, इले सकाळी संगं नेऊ? नागपूरले सोडून देतो."

बाबांनी पाय माझ्याकडे आणखी सरकवला.

"आधी पट्टी बांधू दे तिले," ते म्हणाले. "मंग ने."