घरमालक माझे पालक म्हणून आले तो दिवस

माझ्या शिक्षणाची जेवढी काळजी आमच्या घरमालकांनी घेतली, तेवढी या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणीही घेतलेली नाही. आईवडिलांनी नाही, सरांनी नाही, आणि मी स्वतः तर त्या भानगडीत कधी पडलोच नाही. कॉलेजजवळच्या भरे गावात त्यांच्या तीन मजली इमारतीत आम्ही चौदा विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांमध्ये राहायचो. घरमालक सातवीपर्यंत शिकलेले. पण आम्हा चौदाजणांच्या इंजिनीअरिंगचे कुलगुरू तेच. आमची नावं लक्षात ठेवण्याचा क्षुद्रपणा त्यांनी कधी केला नाही. ज्या गावाहून पोरगा आला ते गाव हेच त्याचं नाव. त्यामुळे जिन्याखालून "ए सांगोला, टाकी भरली, बंद कर!" किंवा "वर्धा, तुजी चड्डी वाळली!" अशा घोषणा ऐकून नवख्या माणसाला वाटावं, की इथं महाराष्ट्राचा कारभार चालतो. मी परभणी होतो.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ते आमचं वेळापत्रक मागून घेत आणि सुनेकडून मराठीत लिहवून फाटकाशेजारच्या भिंतीला चिकटवत. मग त्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. तासाच्या वेळी एखादा बाहेर दिसला, की "आता तुजं यंत्रशास्त्र हाय न्हवं? मग हितं काय करतुयास?" असा सवाल यायचा. सकाळी आठला ते पाण्याची मोटर बंद करत. आठनंतर उठणाऱ्याला स्वच्छतेचा अधिकार नाही, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी तोंडी परीक्षा. "आज काय शिकिवलं?" मी एकदा आठवेल ते काहीतरी ठोकून दिलं. त्यांनी डोळे मिटून ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तर तू परवाच सांगितलं व्हतंस. मास्तर फुडं सरकतोय का न्हाई?" मास्तर सरकत होता. मी अंथरुणात होतो.

तर एका शुक्रवारी कॉलेजचा निरोप आला, की माझी हजेरी फार कमी आहे. उद्या पालकांना घेऊन भेटा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. वडिलांना कळवलं असतं तर एसटीची वाट न बघता ते परभणीहून पळत आले असते, आणि रिकाम्या हाताने आले नसते. म्हणून मी घरमालकांचे पाय धरले. ते लगेच तयार झाले. इतक्या लगेच, की मला तिथेच शंका यायला हवी होती. शनिवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्कूटरवर बसले. मागे बसून मी रस्ताभर त्यांच्या कानात ओतत होतो, "काका, टायफॉइड झाला होता म्हणून सांगा. फक्त टायफॉइड." ते म्हणाले, "सांगतो की."

विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, "आपण याचे कोण?"

"मालक," घरमालक म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हंजी खोलीचा. पोराला टायफाईड झाला व्हता म्हून सांगा, असं ह्यो मला म्हनला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. घरमालकांनी खुर्ची पुढे ओढली. "पर म्याडम, मंगळवारी ह्यानं फाट्यावर माझ्यासमोर तीन वडापाव खाल्ले. टायफाईडवाला तीन खाईल व्हय? सोमवारी अकराला उठला, जेवला, परत झोपला. बुधवारी माझ्या शेळ्यांसंगं फोटो काढत बसला. शेळ्या बी कंटाळल्या. बेस्तरवारी मातर कॉलेजला आला व्हता, खोटं का बोलू. पर त्या दिशी तुमची सुट्टी व्हती."

माझ्या आयुष्यातल्या एका आठवड्याचं इतकं अचूक चरित्र पुढे कोणी लिहील असं वाटत नाही. मॅडमना हसू आवरत नव्हतं, पण आवाज कडकच होता. "मग तुम्हीच सांगा, याला परीक्षेला का बसू द्यायचं?"

घरमालकांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली गाड्यांच्या रांगा होत्या.

"ती निळी गाडी उभी हाय ना म्याडम, तितं आमची इहीर व्हती," ते म्हणाले. आवाज एकदम हळू झाला होता. "ती खांदायला मानसं पुरंनात, म्हून बापानं मला साळंतनं काढला. सातवीचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढं जमीन कॉलेजला दिली, इहीर बुजली. तवापास्नं गेटाच्या आत आज पयल्यांदा आलोय. हितं शिकायला आलेलं पोरगं झोपून ऱ्हायलं, की मला लई लागतं. बसू द्या त्याला. उठवायचं माझ्याकडं लागलं."

मॅडमनी रोज जादा तासाला बसण्याची लेखी हमी माझ्याकडून घेतली आणि परीक्षेच्या अर्जावर सही केली. टायफॉइडचं खोटं सांगायला लावल्याबद्दल मला घरमालकांची माफी मागायची होती, पण ते केव्हाच जिना उतरले होते. खाली ते निळ्या गाडीपाशी उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा चप्पलेने फरशी जराशी दाबून बघत ते म्हणाले, "पानी लई ग्वाड व्हतं." एवढं बोलून त्यांनी स्कूटरला किक मारली.

सोमवारी पहिल्या तासाला मी खिडकीशेजारच्या बाकावर बसलो. फळ्यावर काय चाललं होतं ते मला त्या दिवशीही समजलं नाही. खाली विहिरीच्या जागेवर कोणीतरी गाडी लावत होतं, मागे घेत होतं, पुन्हा लावत होतं. मी वही उघडली आणि तास संपेपर्यंत, समजत नसलं तरी, सगळं उतरवून घेतलं.