तीन अठ्ठ्या

माझ्या सासरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तीन पत्तीचा डाव बसतो. पैसे लावत नाहीत, चिंचोके लावतात. पण त्या चिंचोक्यांसाठीही ही माणसं इतकं बेमालूम खोटं बोलतात की विचारू नका. लग्न होऊन आले तेव्हा मला एक्का मोठा की बादशा, एवढंही कळत नव्हतं. सासूबाईंनीच शिकवलं. वाशीमजवळच्या मालेगावात अंगणवाडी चालवून निवृत्त झालेली बाई, हिशेबाला पक्की. "पत्ते काय पाहून राह्यली? समोरच्याचं तोंड पाह्य," म्हणायच्या. तेव्हापासून मला सगळ्यांची तोंडं वाचायची खोड लागली. ती काही चांगली खोड नाही.

जो पत्ते वाटेल, त्यानंच खेळ ठरवायचा, असा आमच्याकडचा कायदा. दीर कायम मुफलिस लावतो. मुफलिसात सगळ्यात भिकार पत्ते जिंकतात, आणि त्याला तेच येतात. आमचे हे जोकरशिवाय वाटत नाहीत. जाऊबाई दर वर्षी अकोल्याहून मोबाइलवरचा एखादा नवा प्रकार घेऊन येते, आणि त्याचे अर्धे नियम तिला डाव रंगात आल्यावरच आठवतात. तेही तिच्या सोयीचे! आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नियम मात्र एकच. ज्यानं पॅक केलं, म्हणजे डाव सोडला, त्याचे पत्ते पालथेच राहतील. कोणी ते उघडले की तो डाव बाद.

मागच्या पोळ्याला वेगळंच काही पणाला लागलं होतं. उन्हाळ्यात आई न्हाणीत घसरून पडल्या, मनगट मोडलं. सासरे आता नाहीत. आईंना एकटं ठेवायचं नाही यावर दोघा भावांचं एकमत, आणि दोघांचंही तोंडावर एकच, "आई आमच्याकडंच येईन." आम्ही वाशीमला, दीर अकोल्याला. चहा झाला तसा दीर हसत म्हणाला, "भांडण कायले पाह्यजे? शेवटचा डाव जो जिंकन, त्याच्या घरी आई." सगळे हसले. आईही हसल्या. "वाटते मीच," म्हणाल्या, आणि पत्ते ओढून घेतले.

मला आई हव्या होत्या. उगाच सुनेचं कर्तव्य वगैरे नाही, मला त्या आवडतात. त्या आल्या की घरात बोलायला माणूस असतं. आमच्या ह्यांचं बोलणं टीव्हीशी. म्हणून माझा सगळा डोळा जाऊबाईवर. "ताई, आम्ही आईंसाठी खोली रंगवून ठेवली न," असं ती सकाळपासून तीनदा म्हणाली होती. कोणता रंग दिला विचारलं, तर नवऱ्याकडे बघायला लागली. आता सांगा, मी काय समजायचं?

साधी तीन पत्ती. जोकर नाही, मुफलिस नाही. आई नुसत्या वाटणार, खेळणार आम्ही चौघं. प्रत्येकानं एक चिंचोका मध्ये टाकला. मला राणी, सत्ती आणि दुर्री. कशात काही नाही! तरी मी चाल दिली, तोंड असं ठेवलं की हातात एक्केच आहेत. जाऊबाईनं पत्ते पाहिले, छातीशी धरले, परत पाहिले आणि म्हणाली, "पॅक." हे म्हणाले, "पॅक." दिरानं तर पत्ते नीट उघडलेही नाहीत. "वहिनी, तुमचंच नशीब," म्हणाला आणि खाली टाकले.

म्हणजे मी जिंकले. राणीवर! आई आमच्या घरी येणार होत्या. एवढ्यावर गप बसावं की नाही? पण जाऊबाईच्या चेहऱ्यावर सुटल्याचा जो आनंद दिसला ना, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात घातला आणि तिचे पत्ते उलटे केले. तिन्ही इस्पिक, वर एक्का. म्हणजे रंग, माझ्या राणीला सहज खाणारा.

"हा रंग टाकून दिला तू?" मी म्हटलं. "आई नको होत्या तर सरळ सांगायचं!"

जाऊबाई रडायला लागली. दीर लालबुंद. "माह्या बायकोले बोलून राह्यल्या न वहिनी? मंग दादाचेही पाहा!" असं म्हणून त्यानं ह्यांचे पत्ते उलटे केले.

तीन अठ्ठ्या.

ज्याला तीन पत्ती येते त्याला सांगायला नको. एका आकड्याचे तीन पत्ते जन्मात कधीतरी येतात, आणि आले की माणूस घरदार लावतो. ह्यांनी ते गुपचूप पालथे टाकले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते चिंचोके सारखे करत बसले. दिवसभर मी दुसऱ्या नवरा-बायकोकडे डोळे वटारून बघत होते, आणि माझा नवरा माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता.

आईंनी सगळे पत्ते गोळा केले. "बाद झाला डाव. पत्ते पुरे हायेत का पाह्यते," म्हणाल्या आणि एकेक बघत गेल्या. मग पिसले. "आता दर घरामागं एक हात. मोठ्याचा, लहान्याचा, अन् माहा. मले बी घर हाये."

दोघांना वरून वाटले. स्वतःचे तीन त्यांनी गड्डीच्या खालून काढले. मी बघितलं. जाऊबाईनंही बघितलं, कारण तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं. मग दोघी एकदमच चिंचोके मोजायला लागलो.

ह्यांची नव्व्यांची जोडी. दिराचं काहीच नाही. आईंचे तीन एक्के.

"झालं. जिंकली मी," आई म्हणाल्या.

"आई, पण तुह्या हाताचं..." हे म्हणाले.

"हरला न तू? मंग चूप बस."

मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. त्या गॅससमोर उभ्या होत्या, पण पेटवत नव्हत्या. "आई, तो डाव मी जिंकले होते," मी म्हटलं. "माझ्यासाठी चला."

त्यांनी दुखरा हात माझ्या पाठीवर ठेवला. "तू जिंकली होती वं बाई. मले मालूम हाये. पण माह्या पोरानं तीन अठ्ठ्या टाकल्या. त्याच्या ताटासमोर मी रोज कशी बसू?"